वाचनालयाचा कोड कुणाचा? (लायसन्स, वाटून घेणं आणि एक अडलेलं काम)

महालकर
रविवार, रात्री ११.४०

मंडळी, एक काम अडलं आहे. सल्ला हवा आहे, पण त्याआधी मनात साठलेलं लिहून काढतो. थोडी लांबण लागेल.

नागपूरच्या महाल भागात आमच्या घराजवळ एक जुनं वाचनालय आहे. सात-आठ हजार पुस्तकं, तीनेकशे वर्गणीदार, एक ग्रंथपाल बाई. २०१७ मध्ये माझ्या मित्राने त्यांच्यासाठी देवघेवीचं सॉफ्टवेअर लिहिलं. दिवसभर नोकरी, आणि रात्री जेवणं झाली की घरच्या टेबलावर बसून हे. पायथनमध्ये लिहिलेलं, साधंच, पण एक गोष्ट त्याने जीव लावून केली होती: मराठी शोध. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं, 'श'च्या जागी 'ष' पडला, अनुस्वार राहून गेला, तरी पुस्तक सापडतं. आजी-आजोबा जसं टंकतील तसं टंकू द्यायचं, हा त्याचा हट्ट. कोड त्याने नेटवर ठेवला आणि सोबतच्या माहितीत एकच ओळ लिहिली: "कुणाला लागलं तर घ्या."

एप्रिल २०२१ मध्ये तो गेला. दुसरी लाट. वय ३८.

आता वर्ध्याच्या एका वाचनालयाला तेच सॉफ्टवेअर हवं आहे. संगणक एका कंपनीच्या सामाजिक निधीतून मिळणार आहेत. त्यांच्या विधी विभागाने विचारलं, याचं लायसन्स कोणतं? आम्ही ती ओळ दाखवली. ते म्हणाले, ही सदिच्छा झाली, लायसन्स नाही. फाईल परत आली.

आधी मला राग आला. माणूस गेला, त्याने मोकळ्या हाताने दिलेलं आहे, आणि तुम्ही कागद मागता! पण रात्री झोप लागेना तेव्हा वेगळंच लक्षात आलं. माझ्या लॅपटॉपमध्ये हजारो अनोळखी माणसांचा कोड आहे. कुठल्या कुठल्या देशांतली माणसं. त्यातल्या एकालाही मी भेटलेलो नाही, कुणाला विचारलेलं नाही. तो कोड मी रोज कामात वापरतो आणि कुणी अडवत नाही. आणि ज्याच्याबरोबर आठवीपासून एका बाकावर बसलो, त्याचाच कोड वर्ध्यापर्यंत नेता येत नाही. असं का?

याचं उत्तर शोधताना जुना इतिहास पुन्हा वाचला. कोड वाटून घेणं लायसन्समुळे सुरू झालेलं नाही, ते आधीपासून होतंच. १९७०च्या दशकात अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत शेजारच्या घरून विरजण आणावं तसा कोड आणला जायचा. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९७६ मध्ये ईमॅक्स हा संपादक तिथेच उभा केला, आणि त्याची अट साधी होती: सुधारणा केलीत तर परत पाठवा. ओळखीच्या माणसांत एवढ्यावर भागतं.

पुढचा प्रिंटरचा किस्सा बहुतेकांना ठाऊक असेल. १९८०च्या सुमारास प्रयोगशाळेत झेरॉक्सचा लेझर प्रिंटर आला. कागद अडकला की तो गप्प बसायचा. आधीच्या प्रिंटरचा सोर्स (प्रोग्रामचा वाचता-बदलता येणारा मूळ कोड) हाताशी होता, म्हणून तो अडकला की सगळ्यांच्या पडद्यावर सूचना यायची. नव्याचा सोर्स दिलेलाच नव्हता. कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या एका संशोधकाकडे तो होता, पण त्याने कुणाला न देण्याचं वचन देऊन ठेवलं होतं.

मला मात्र त्याहून ईमॅक्सचा पुढचा प्रसंग महत्त्वाचा वाटतो. पुढे जावा भाषा घडवणारे जेम्स गॉस्लिंग यांनी १९८१ मध्ये युनिक्स या कार्यप्रणालीसाठी आपला ईमॅक्स लिहिला. काही काळ तो असाच हातोहात फिरला, मग त्यांनी तो युनिप्रेस नावाच्या कंपनीला विकला. स्टॉलमन यांनी १९८५च्या आपल्या ग्नू ईमॅक्समध्ये (ग्नू हा त्यांचा मुक्त सॉफ्टवेअरचा प्रकल्प) त्याचा काही भाग घेतला होता, परवानगी आहे या समजुतीने. युनिप्रेसने हरकत घेतली. तो भाग काढून नव्याने लिहावा लागला. आधी दिलेलं 'घ्या' होतंच की. पण देणाऱ्याचं मन पालटलं, हक्क दुसऱ्याकडे गेला आणि त्या 'घ्या'ला धरून राहायला काही उरलं नाही.

त्यानंतर ईमॅक्सला लेखी परवाना आला. तेच मग सगळ्या ग्नू प्रकल्पासाठी एकत्र करून फेब्रुवारी १९८९ मध्ये जीपीएल या सार्वजनिक परवान्याची पहिली आवृत्ती निघाली, जून १९९१ मध्ये दुसरी. चालवा, वाचा, बदला, वाटा, हवं तर विका. पण दुसऱ्याला द्याल तेव्हा त्यालाही हेच हक्क द्या, सोर्ससकट. दुसऱ्या आवृत्तीच्या सहाव्या कलमात एक वाक्य आहे ज्यावर मी बराच वेळ थांबलो. कोड कुणाच्याही हातून तुमच्याकडे आला, तरी परवाना तुम्हाला थेट मूळ लेखकाकडून मिळतो. मधला माणूस रुसला, कंपनी विकली गेली, कुणी गेलं, तरी तुमचा हक्क तुटत नाही.

माझ्या मित्राच्या कोडला हेच मिळालं नाही. त्याला द्यायचं होतं यात तिळमात्र शंका नाही. पण त्याचं देणं त्याच्या ओळखीपुरतं आणि त्याच्या आयुष्यापुरतं राहिलं.

तर आता काय करता येईल? वाचनालयाच्या बाई रोज विचारतात.


सीताबर्डी_९६
सोमवार, सकाळी ७.१५

महालकर, वाचून गलबललं. मित्राला नमस्कार.

सल्ला देण्याइतकं कायद्याचं ज्ञान माझ्याकडे नाही, पण तुम्ही जे 'घ्या'बद्दल लिहिलं त्यावर एक जुनी गोष्ट. मी इथल्या व्हीआरसीई अभियांत्रिकी कॉलेजचा (आताचं व्हीएनआयटी) नव्वदच्या दशकातला विद्यार्थी. तेव्हा सॉफ्टवेअर विकत घेतात हेच आम्हाला माहीत नव्हतं. बर्डीवर दुकानात फ्लॉपी द्यायची, संध्याकाळी भरून घ्यायची. कंपायलर, गेम, ऑफिस, सगळं तसंच. सगळी चोरीच होती, पण आमच्या मनात ती चोरी नव्हती, मित्रांमधली देवघेव होती.

मग एका मासिकासोबत लिनक्स या मुक्त कार्यप्रणालीची सीडी आली. होस्टेलवर एकाकडे सीडी रायटर असलेल्या दुकानाची ओळख होती. आम्ही त्याच दुकानात, त्याच सवयीने प्रती काढल्या. आणि पहिल्यांदा कुणीतरी सोबतची फाईल उघडून वाचली. तिच्यात लिहिलं होतं की प्रत काढा, दुसऱ्याला द्या. आम्ही पाच-सहा जण त्या पडद्याभोवती उभे होतो. जे आम्ही लपून करत होतो ते इथे कुणीतरी हक्क म्हणून लिहून दिलं होतं. त्या दिवशीचं मला अजून आठवते, भाऊ.

लिनक्स लिहिणाऱ्या लिनस टोरवाल्ड्सचंही तसंच झालं होतं. १९९१ मध्ये लिनक्स पहिल्यांदा नेटवर ठेवला तेव्हा त्याची स्वतःची अट होती की यातून कुणी पैसे घ्यायचे नाहीत. पण लोक मेळाव्यांत फ्लॉपीवर प्रती काढून देत, त्यांना फ्लॉपीचा खर्चही घेता येईना. १९९२च्या सुरुवातीला ०.१२ आवृत्तीपासून त्याने जीपीएल घेतलं. ती अट तशीच राहिली असती तर मासिकासोबतची सीडीही निघाली नसती आणि बर्डीच्या त्या दुकानातली आमची प्रतही.

याच्या उलट गोष्ट जॉन लायन्स यांची. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठात त्यांनी १९७७ च्या सुमारास युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीचा सगळा सोर्स छापून त्यावर ओळीओळीचं भाष्य लिहिलं. शिकवण्यासाठी. युनिक्सची मालक कंपनी एटी अँड टीने पुढच्या आवृत्तीच्या परवान्यात सोर्स वर्गात वापरायला मनाई केली. मग जगभरचे विद्यार्थी वर्षानुवर्षं झेरॉक्सची झेरॉक्स, तिची झेरॉक्स काढून ते भाष्य वाचत राहिले. राजरोस छापून यायला १९९६ उजाडलं. मी पुण्यात नोकरीला असताना एका वरिष्ठांकडे तशी एक झेरॉक्स पाहिली, अक्षरं इतकी पुसट की अंदाजाने वाचावी लागत.


खामल्याचा_पोर
सोमवार, दुपारी १.०५

दादा, मी फायनल इयरला आहे. मला वाटतं उगाच अवघड करू नये. एमआयटी लायसन्स टाका, नाव ठेवा आणि हवं ते करा असं सांगणारं, वीसेक ओळींचं आहे, कंपनीच्या वकिलालाही लगेच समजेल. आमच्या बॅचमध्ये सगळे तेच टाकतात. जीपीएल बघितलं की कंपन्या मागे सरतात असं प्लेसमेंटच्या वेळी सांगितलं होतं.


महालकर
सोमवार, दुपारी १.३०

टाकणार कोण, हाच तर प्रश्न आहे रे. कोड माझा नाही. मी एक फाईल टाकली म्हणून ती त्याची इच्छा होत नाही.


सिव्हिल_लाईन्स
सोमवार, रात्री ९.५०

मी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात वकिली करते. महालकरांचा शेवटचा प्रतिसाद अगदी बरोबर आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

आपल्याकडे प्रताधिकार (कॉपीराइट) कायदा, १९५७ नुसार संगणक प्रोग्राम ही साहित्यकृती धरली जाते. लिहिल्या क्षणापासून हक्क लेखकाचा, नोंदणी लागत नाही, कुठे 'सर्व हक्क राखीव' लिहावंही लागत नाही. त्यामुळे लायसन्स नसलेला कोड नेटवर दिसतो म्हणून मोकळा नसतो. पाहायला मोकळा, वापरायला बंद. आणि ही मुदत लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. तुमच्या मित्राचा कोड काहीच केलं नाही तर २०८१ संपेपर्यंत असाच राहील.

पहिलं पाहायचं ते नोकरीचं. कलम १७(क) प्रमाणे नोकरीच्या कामाच्या ओघात लिहिलेल्या गोष्टीचा पहिला मालक वेगळा करार नसेल तर नोकरी देणारा असतो. घरी, स्वतःच्या संगणकावर, कामाशी संबंध नसलेल्या विषयावर लिहिलं असेल तर तसं नाही. तरी त्याचं नियुक्तीपत्र काढून वाचा. काही करारांत याहून जास्त मागितलेलं असतं.

दुसरं, "कुणाला लागलं तर घ्या." कलम ३० नुसार परवाना लेखी हवा. ही ओळ लेखी आहे, तेव्हा ती अगदीच पोकळ नाही. पण कलम ३०अ मुळे कलम १९ मधले नियम योग्य त्या बदलांसह परवान्यालाही लागतात. तिथे म्हटलं आहे की मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं धरावी आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता धरावा. काटेकोर वाचलं तर २०१७ मधलं 'घ्या' २०२२ मध्ये संपलं. शिवाय 'घ्या' म्हणजे वापरा की बदला की तिसऱ्याला द्या, हेही त्यात नाही. कंपनीच्या विधी विभागावर रागावू नका. त्यांच्या जागी मी असते तरी फाईल परत पाठवली असती.

यावरून खामल्याच्या मुलाला एक सांगते. एमआयटी किंवा त्याच धर्तीच्या बीएसडी लायसन्सच्या मजकुरात मुदतीचा शब्द नाही. जीपीएलच्या २००७च्या तिसऱ्या आवृत्तीत स्पष्ट लिहिलं आहे की हक्क प्रताधिकाराच्या पूर्ण मुदतीसाठी आहेत आणि अटी पाळल्या तर मागे घेता येत नाहीत. अपाची २.० मध्येही कायमस्वरूपी आणि जगभर हे शब्द आहेत. आपल्या कायद्याच्या दृष्टीने हे दोन-चार शब्द फार मोलाचे आहेत. लांब लायसन्स उगाच लांब नसतं.

आता उपाय. हक्क वारसांकडे गेला आहे. मृत्युपत्र नसेल आणि हिंदू उत्तराधिकार कायदा लागू असेल तर पत्नी, मुलं आणि आई, सगळ्यांचा वाटा. त्यांनी मिळून एक साधं पत्र करायचं: अमुक प्रोग्रामचे आम्ही वारस, आणि तो अमुक लायसन्सखाली देत आहोत. मूल लहान असेल तर त्याच्या वतीने आईची सही. कलम ५७ प्रमाणे लेखक म्हणून त्याचं नाव राहण्याचा हक्क वेगळा आहे, तो विकूनही जात नाही. तेव्हा फाईलच्या माथ्यावरचं नाव तसंच ठेवा.

आणि अट मोडली तर काय, असं कुणी विचारेल म्हणून एक निकाल. अमेरिकेत एक प्राध्यापक छंद म्हणून खेळण्यातल्या आगगाड्या चालवण्याचं मुक्त सॉफ्टवेअर करत. एका कंपनीने त्यातल्या फाईली घेतल्या, लेखकांची नावं काढली. जेकबसन विरुद्ध कॅट्झर. २००८ मध्ये तिथल्या फेडरल सर्किट अपील न्यायालयाने म्हटलं की पैसे घेतले नाहीत म्हणून अटी फुकटच्या ठरत नाहीत. अट मोडणं हे प्रताधिकाराचं उल्लंघन ठरू शकतं.

पत्राचा मसुदा मी करून देईन. शुल्काचा प्रश्न नाही.


मिहानवाला
मंगळवार, रात्री १२.२०

ताईंनी शेवटी लिहिलेलं माझ्या रोजच्या कामातलं आहे. मी एम्बेडेडमध्ये आहे, छोट्या बोर्डांवर लिनक्स चढवतो.

आमच्या धंद्यात जीपीएलची ताकद कळली ती एका राऊटरमुळे. लिंक्सिसचा डब्ल्यूआरटी५४जी, २००२च्या शेवटी बाजारात आला. २००३ मध्ये कर्नलवाल्या (लिनक्सचा गाभा लिहिणाऱ्या) मंडळींच्या लक्षात आलं की निळ्या-काळ्या डब्यात लिनक्स आहे आणि सोर्स कुठेच दिलेला नाही. तोवर सिस्कोने लिंक्सिस विकत घेतली होती. कोड चिप बनवणाऱ्या ब्रॉडकॉमकडून आलेला, म्हणजे साखळीतल्या शेवटच्याला बहुधा पत्ताही नसावा की आत काय आहे. मागणी वाढत गेली आणि सोर्स खुला करावा लागला. २००४ मध्ये त्याच सोर्सवर ओपनडब्ल्यूआरटी ही राऊटरसाठीची मुक्त प्रणाली सुरू झाली. आज मी एखादा जुना राऊटर घेऊन त्यावर हवं ते बसवतो, ते त्या एका अटीमुळे. लिनक्स बीएसडी लायसन्सखाली असता तर कुणी सोर्स मागूच शकलं नसतं.

माझा अनुभवही सांगतो. मागच्या वर्षी एका पुरवठादाराकडून बोर्ड घेतले. वायफायच्या ड्रायव्हरमध्ये चूक होती, दर दोन-तीन तासांनी जोडणी तुटायची. ड्रायव्हर कर्नलमधल्याच जीपीएल कोडवर बेतलेला. सोर्स मागितला तर आधी उत्तर नाही, मग "गोपनीय आहे". तीन महिने आम्ही दर दोन तासांनी बोर्ड आपोआप पुन्हा चालू करत राहिलो. शेतातल्या पंपावर बसवलेले बोर्ड ते, ऐन मे महिन्यात. शेवटी लायसन्सचं कलम शब्दशः उतरवून पत्र पाठवलं तेव्हा आठवड्यात सोर्स आला. चूक अकरा ओळींत दुरुस्त झाली आणि ती दुरुस्ती आम्ही सगळ्यांसाठी पाठवून दिली. त्या तीन महिन्यांत त्या शेतकऱ्यांनी किती हेलपाटे घातले ते मला माहीत आहे, म्हणून मला हा विषय कोरडा वाटत नाही.

महालकर, पुढे लोक या कोडमध्ये भर घालतील तेव्हा एक सवय आत्ताच लावा. २००३ मध्ये एससीओ नावाच्या कंपनीने 'लिनक्समध्ये आमचा कोड घुसवला' म्हणून आयबीएमवर दावा ठोकला. त्यानंतर २००४ मध्ये कर्नलने नियम केला की प्रत्येक बदलाखाली पाठवणाऱ्याने सहीची एक ओळ लिहायची: हे मी लिहिलं आहे किंवा हे द्यायचा मला अधिकार आहे. बस, एक ओळ. पण पुढे कधी 'हा कोड कुणाचा' असं कुणी विचारलं तर उत्तर तयार असतं.


फुटाळ्याचा_वारा
मंगळवार, सकाळी १०.४५

चर्चा एका बाजूला झुकते आहे म्हणून लिहितो. मी वीस वर्षं सर्व्हरवर काम करतो आणि माझं मन बीएसडीच्या बाजूचं आहे.

अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या मंडळींनी १९८३च्या ४.२ बीएसडीत, म्हणजे त्यांच्या युनिक्समध्ये, नेटवर्कचा कोड दिला, १९८९ मध्ये तो भाग एटी अँड टीच्या परवान्याविना कुणालाही घेता येईल असा वेगळा काढला. अट फक्त आमचं नाव ठेवा. व्यापारी कंपन्यांनी घेतला, बंद केला, विकला. पण त्यामुळेच सगळी यंत्रं एकच भाषा बोलायला लागली. सोर्स देण्याची सक्ती असती तर प्रत्येकाने आपापलं वेगळं केलं असतं. काही गोष्टी रस्त्यासारख्या असतात, त्यावरून कोणाची गाडी जाते हे विचारू नये.

तरी वकीलताईंशी मी सहमत आहे की कागद लागतोच. एसक्यूलाइट या डेटाबेसचं उदाहरण घ्या. त्यांनी तर सगळा कोड सार्वजनिक मालकीचा म्हणून सोडून दिला, एकही अट नाही. तरी कंपन्यांचे विधी विभाग विचारत राहिले, म्हणून ते मागणाऱ्याला हक्काचं लेखी हमीपत्र पैसे घेऊन विकतात.


मिहानवाला
मंगळवार, सकाळी ११.३०

रस्त्याची उपमा पटते, पण रस्ता कुणी कुंपण घालून बंद केला तर? रेडिस हा डेटाबेस २००९ पासून बीएसडीखाली होता, जगभरच्या लोकांनी त्यात भर घातली. मार्च २०२४ मध्ये कंपनीने पुढच्या आवृत्त्यांचं लायसन्स बदललं. क्लाउडवाल्या मोठ्या कंपन्या फुकट वापरून पैसा करतात हे त्यांचं दुःख खरं होतं. पण भर घालणाऱ्यांना कुणी विचारलं नाही.


फुटाळ्याचा_वारा
मंगळवार, दुपारी १२.१०

आणि त्याच महिन्यात जुन्या बीएसडी कोडवरून व्हॅल्की निघालं, लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली. एकदा दिलेलं परत घेता आलं नाही, हेही पाहा. पुढे २०२५ मध्ये रेडिसनेही एजीपीएलचा (नेटवरून सेवा देणाऱ्यालाही सोर्स द्यायला लावणाऱ्या जीपीएलचा) पर्याय दिला. मी म्हणतो ते एवढंच, की वाट एकच नाही. या वाचनालयाच्या बाबतीत मात्र घरच्यांना जे योग्य वाटेल ते.


खामल्याचा_पोर
मंगळवार, रात्री ११.५५

सर्वांना, मी आज कॉलेजमधून आल्यावर तो कोड पूर्ण वाचला. साधारण साडेचार हजार ओळी. दोन गोष्टी सापडल्या.

एक, खिडक्या आणि बटणांसाठी त्यांनी पायक्यूट (क्यूट ही तयार साधनं पायथनमधून वापरायची सोय) वापरलं आहे. मी त्याचं लायसन्स पाहिलं, ते जीपीएलची तिसरी आवृत्ती किंवा मग विकतचं व्यावसायिक लायसन्स. विकतचं त्यांनी घेतलेलं नसणार. म्हणजे सगळं मिळून वर्ध्याला द्यायचं तर ते जीपीएलच्या अटींवरच द्यावं लागेल. मी काल एमआयटी म्हटलं ते न पाहताच म्हटलं होतं.

मग मी या क्यूटचाच इतिहास वाचत बसलो. १९९६ मध्ये केडीई हा लिनक्सचा डेस्कटॉप क्यूटवर उभा राहिला, पण तेव्हा क्यूट मुक्त नव्हतं. फक्त या एका कारणासाठी १९९७ मध्ये ग्नोम सुरू झाला, सगळं पहिल्यापासून. लोकांनी हजारो तास घातले ते बटण सुंदर दिसावं म्हणून नाही, लायसन्ससाठी. २००० मध्ये क्यूट जीपीएलखाली आलं, २००९ मध्ये एलजीपीएल हे जीपीएलचं सौम्य रूपही. आम्हाला चार वर्षांत कुणी शिकवलं नाही की असंही होतं. आमच्याकडे प्रोजेक्ट नेटवरून उतरवतात, नाव बदलतात आणि व्हायवाला उभे राहतात. मीही मागच्या सेमला तेच केलं. मूळ लेखकाचं नाव मी पुसलं होतं. आज ते परत घातलं.

दोन, आणखी तीन जणांनी यात बदल पाठवलेले दिसतात. त्यांचंही विचारावं लागेल ना?


सिव्हिल_लाईन्स
बुधवार, सकाळी ८.३०

हो, लागेल. ज्याची जितकी ओळ, तितका त्याचा हक्क. शाब्बास, नीट वाचलंस.


अक्षरजुळणी
बुधवार, दुपारी ३.१५

मी तीस वर्षं डीटीपी करते, इतवारीत. सॉफ्टवेअरमधून वर्गणीदारांच्या ओळखपत्राची पीडीएफ निघत असेल तर तिच्यात कोणता फॉन्ट आहे ते पाहून घ्या. फॉन्टलाही लायसन्स असतं हे आमच्या धंद्यात फार उशिरा कळलं. जुने फॉन्ट एका मशिनवरून दुसरीकडे नेले की अक्षरांच्या जागी चौकोन, आणि कंपनी बंद पडली तर विचारायचं कुणाला? मुक्ता किंवा लोहित असेल तर काळजी नाही, दोन्ही मुक्त फॉन्ट परवान्याखाली आहेत. सोबत द्या, छापा, गरज पडली तर अक्षर दुरुस्त करा.


महालकर
बुधवार, दुपारी ४.००

मुक्ता आहे, ताई. आभार. घरी जाऊन आलो की लिहितो.


महालकर
पुढच्या रविवारी, रात्री १०.२५

मंडळी, आज नंदनवनला मित्राच्या घरी गेलो होतो. वकीलताईंनी केलेला मसुदा सोबत नेला होता. नियुक्तीपत्र वहिनींनी शोधून ठेवलं होतं; ताईंना फोटो पाठवला, त्यात अडचणीचं काही नाही.

काकूंना, म्हणजे त्याच्या आईला, समजावून सांगायला मी घाबरत होतो. त्यांनी तीनच प्रश्न विचारले. हे कुणी विकेल का? मी म्हटलं, विकू शकतो, पण ज्याला विकेल त्याला कोडही द्यावा लागेल, आणि तो माणूस पुढे फुकट वाटू शकेल. कुणी बदललं तर? बदलू शकतो, पण बदललं आहे हे लिहावं लागेल. त्याचं नाव राहील का? राहील, प्रत्येक फाईलच्या वर. मग त्यांनी चष्मा लावला आणि पूर्ण पत्र वाचून सही केली. वहिनींनी स्वतःची आणि मुलीच्या वतीने अशा दोन केल्या. जीपीएल, तिसरी आवृत्ती.

मुलगी नववीत आहे. म्हणाली, मला बाबांचा कोड दाखवा. मी शोधाची फाईल उघडली. अक्षरांची जोड लावणाऱ्या भागात 'ऋ' आणि 'रु' एकच धरायची ओळ आहे, तिच्या बाजूला त्याने मराठीत टीप लिहिली आहे: "आईला कीबोर्डवर ऋ सापडत नाही." मी तो कोड इतक्यांदा पाहिला आणि ही ओळ माझ्या नजरेतून सुटली होती. काकूंनी ती मुलीकडून दोनदा वाचून घेतली.

इतर तिघांचं सांगतो. एक बंगळुरूला सापडला, त्याच दिवशी होकाराचं उत्तर आलं. दुसरा आमच्याच कॉलेजचा निघाला. तिसऱ्याचं फक्त टोपणनाव आहे, पत्त्यावर पाठवलेला मेल परत आला. त्याच्या चाळीसेक ओळी होत्या, थकबाकी मोजण्याच्या. त्या काढून टाकल्या आणि जुना कोड समोर न ठेवता खामल्याच्या पोराने नव्याने लिहून दिल्या, खाली सहीच्या ओळीसकट. लायसन्सची फाईल टाकली, पत्राची प्रत सोबत ठेवली. "कुणाला लागलं तर घ्या" ही ओळ मी काढलेली नाही. तिच्याखाली लायसन्सचं नाव लिहिलं.


वर्धा_वाचनालय
तीन आठवड्यांनंतर, सोमवार, संध्याकाळी ६.४०

नमस्कार. महालकर भाऊंनी इथला दुवा दिला म्हणून नाव नोंदवून लिहीत आहे. फाईल मंजूर झाली, संगणक आले, मागच्या गुरुवारपासून नोंदी सुरू केल्या. बाराशे पुस्तकं चढवून झाली आहेत. काल एका आजींनी शोधात 'रुतू' असं टंकलं आणि नावात 'ऋतू' असलेली चार पुस्तकं समोर आली. त्यातलं एक घेऊन गेल्या.

एक अडचण आहे. आमचा बारकोड प्रिंटर वेगळ्या जातीचा आहे, लेबल तिरपं छापलं जातं. माझा भाचा शिकतो आहे, त्याने समासाचे आकडे बदलून ते सरळ केलं. हा बदल तुमच्याकडेही हवा असेल तर कुठे पाठवायचा?


महालकर
सोमवार, संध्याकाळी ७.०५

हवाच आहे. पत्ता व्यक्तिगत निरोपातून पाठवला आहे. भाच्याला म्हणावं, खाली स्वतःचं नाव लिहायला विसरू नको.